पहिलं ताट मावशींचं

माझं पोट नाजूक आहे, या गोष्टीचा आनंद आयुष्यात एकाच माणसाला झाला. आईनं त्यापायी मला पोतंभर ओवा खाऊ घातला असेल, बायको अजून लग्नाच्या पंगतीत डोळ्यांनी दटावते, आणि भोरचे डॉक्टर तर मला दारात बघूनच चिठ्ठी लिहायला घेतात. पण हौसामावशींनी ओळख झाल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात विचारलं, "सर, तुमचं पोट कसंय?" मी खरं ते सांगितलं. जरा काही इकडंतिकडं झालं की तासाभरात उलटतं. तर त्यांचा चेहरा उजळला. म्हणाल्या, "मंग बरं. मला असंच पायजे व्हतं."

मावशी आमच्या कॉलेजचं कॅन्टीन चालवायच्या. नसरापूरहून मार्गासनीकडं निघालं की वाटेत माळावर तीन इमारती दिसतात, ते आमचं कॉलेज. त्यांच्या मागं पत्र्याची एक शेड, चार बाकडी, आणि शेडच्या पाठीमागं एक चूल. गॅस होता, पण चूल ठेवलेली. भरलेला एक सिलिंडर कोपऱ्यात कायम उभा, त्याला हात लावायचा नाही असा नियम. मी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक. परीक्षानळ्या धुणं, आम्लांच्या बाटल्यांना चिठ्ठ्या लावणं, हे माझं काम. कॉलेजात मला कुणी सर म्हणत नाही. मावशी मात्र म्हणायच्या, अगदी शिपायालाही म्हणायच्या, त्यामुळं मला त्याचं फारसं कौतुक करून घेता येत नसे.

सकाळी साडेसातला त्या फाटकाशी उभ्या राहायच्या. एक एसटी नसरापूरकडून यायची, एक वेल्ह्याकडून. दोन्हींतून किती पोरं उतरली ते बघायच्या आणि मगच आत जाऊन कणीक भिजवायच्या. आषाढात एकदा वेल्ह्याच्या गाडीतून पाचच डोकी उतरली. मी म्हटलं, गाडी चुकली असेल पोरांची, मागून येतील. "न्हाई यायची," मावशी म्हणाल्या. "वरल्या गावास्नी लावणी लागलीया. आठ दिस भात कमी टाकायचा." परीक्षेचं वेळापत्रक कार्यालयाच्या फळ्यावर लागे तेही त्या कुणाकडून तरी वाचून घेत. पण त्यावर त्यांचा विश्वास नव्हता. "परीक्षेआदी निम्म्या पोरांना घास उतरत न्हाई, आन् सुटली का दुप्पट खात्यात. ते कुठं लिवलेलं असतं कागदावर?"

उरलेलं दुसऱ्या दिवशी विकायचं नाही, तीन वाजले की सगळं खालच्या वस्तीवरच्या म्हशींना. होळीनंतर ओल्या खोबऱ्याची चटणी बंद. पनीर कधीच नाही. पोरं भांडायची, मोबाईलवर नसरापूरच्या हॉटेलातले फोटो आणून दाखवायची. मावशी फोटो निरखून बघायच्या आणि म्हणायच्या, "झ्याक दिसतंय. हितं न्हाई." रोजच्या प्रत्येक पदार्थाची एक वाटी त्या झाकून, चिठ्ठी लावून फ्रीजमध्ये ठेवायच्या. ती दुसऱ्या दिवशीपर्यंत हलायची नाही. परवान्याच्या वेळी कुणा साहेबानं हे सांगितलं होतं. सांगितलेलं सगळेच ऐकतात. करणारी मी ही एकटीच बाई पाहिली.

दुधाचा किस्सा तर कॉलेजात गाजला. संस्थेचे पाहुणे आले होते, बारा चहा सांगितले होते. मावशींनी दूध तापवलं, कडेला बघितलं, हुंगलं, आणि पातेलंभर दूध करंजाच्या मुळाशी ओतून टाकलं. पाहुण्यांना गवती चहा घातलेला कोरा चहा गेला. प्राचार्य स्वतः शेडपर्यंत आले, एरवी ते तिकडं फिरकत नसत. "मावशी, दूध नासलं होतं तर आधी सांगायचं."

"नासलं न्हवतं सर. नासायच्या बेतात व्हतं."

"मग?"

"बेतातलं म्या देत न्हाई."

प्राचार्य आले तसे परत गेले. अशा बाईशी बोलायचं काय, हे त्यांना कुठल्याच प्रशिक्षणात शिकवलेलं नव्हतं.

पण या सगळ्याहून मोठा नियम होता पहिल्या ताटाचा. सकाळी नऊला त्या दिवसाचा सगळा स्वयंपाक झालेला असे. मावशी काठाला टवका उडालेल्या एका एनॅमलच्या ताटलीत सगळं थोडं थोडं वाढून घेत, पालथ्या क्रेटवर बसत आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं तोंड करून जेवत. चवीनं नाही, कामासारखं. शेवटचा कण पुसून घेत. मग सगळ्यावर झाकणं पडत आणि साडेअकरापर्यंत झाकण उघडत नसे. तोवर पोरांना चहा-बिस्किटं. कुणी कितीही विनवलं, सरांनी सांगितलं, गाडी सुटतेय म्हटलं, तरी साडेअकरा म्हणजे साडेअकरा. पोरांनी त्यांचं नावच साडेअकरा ठेवलं होतं.

मी एकदा म्हटलं, अहो, चव तर लगेच कळते, अडीच तास कशाला? मावशी म्हणाल्या, "जिबंला काय इचारायचं? जीब लबाड असती. पोटाला इचारावं, आन् त्याला बोलायला येळ द्यावा."

हे कुठून आलं, ते त्यांनी एकदाच सांगितलं, लसूण सोलता सोलता. गावात एका लग्नात बासुंदी होती. त्यांची थोरली लेक सहा वर्षांची होती, दोन वाट्या प्याली. टेम्पोतून नसरापूरला नेईपर्यंत संपली. "त्या बासुंदीची चव लई ग्वाड व्हती सर," एवढंच म्हणाल्या आणि लसणाची टरफलं फुंकून टाकली. मी पुढची कुडी सोलायला घेतली.

लेक गेल्यावर त्यांनी धाकट्या मुलासाठी संकष्टी चतुर्थी धरली. मुलगा मोठा झाला, पुण्याकडं टेम्पो चालवायला लागला, तरी उपास सुटला नाही. चंद्र दिसेपर्यंत पाण्याशिवाय काही नाही. आणि इथंच त्यांची अडचण व्हायची, कारण महिन्यातून त्या एका दिवशी पहिलं ताट खायचं कुणी? पुऱ्या लाटायला येणाऱ्या बायकांच्या पोटावर त्यांचा भरवसा नव्हता. "त्या दगड पचवत्यात. त्यांचं पोट मला काय सांगनार?" म्हणून त्यांना नाजूक पोटाचा माणूस हवा होता, आणि तो मी निघालो.

सात वर्षं दर चतुर्थीला नऊ वाजता ती टवका उडालेली ताटली प्रयोगशाळेत यायची. मी खायचो. अकरा वाजता मावशी दारात येऊन विचारायच्या, "सर, पोट काय म्हनतंय?" मी म्हणायचो, झकास. मग साडेअकराला शेडमधली झाकणं उघडायची. फुकटचं गरम जेवण आणि वर मान, मला ही चतुर्थी फार आवडायची. सात वर्षांत दोनदा माझं पोट कुरकुरलं. दोन्ही वेळा मावशींनी सगळा स्वयंपाक म्हशींना घातला आणि पोरांना चुरमुरे दिले. एकदा तर मला खात्री होती की दोष आदल्या दिवशीच्या माझ्या भाचीच्या बारशाचा आहे. तसं सांगितलंही. मावशींनी ऐकून घेतलं आणि पातेली उचलली.

रिकाम्या ताटलीचं एक सांगायचं राहिलं. ती मी उष्टीच परत द्यायचो. आळस म्हणा, पुरुषाची जात म्हणा, सात वर्षांत मी ती एकदाही धुतली नाही. मावशी ती हातात घेऊन काय उरलंय ते बघायच्या आणि मग बादलीत टाकायच्या.

मार्च अखेरची गोष्ट. कॉलेजची तपासणी करायला समिती येणार होती. सगळं कॉलेज रंगवून काढलं होतं, झाडांच्या बुंध्यांनासुद्धा गेरू लागला होता. माझ्यासाठी हा दिवस मोठा होता. मी अकरा वर्षं हंगामी होतो, आणि समिती खूश झाली तर आमच्या चौघांच्या कायमपणाचे कागद पुढं सरकणार होते. मावशींना ते माहीत होतं. दर महिन्याला विचारायच्या, "ऑर्डर कवा येनार सर?" माझी मुलगी तेव्हा तिसरीत होती.

प्राचार्यांनी आदल्या दिवशी दुपारी मावशींना बोलावून सांगितलं, उद्या अडीचशे पोरांना पुरी-भाजी आणि शिरा, बरोबर साडेअकराला, समिती बघणार आहे. मावशी म्हणाल्या, "आता सांगताय सर? मंग बटाटं आज सांजच्यालाच उकडून सोलावं लागत्याल." प्राचार्य म्हणाले, उकडा की मग. मावशींना नकार देता आला असता. पण कॅन्टीन चालवायच्या परवानगीचं पत्र दर जूनला नव्यानं मिळायचं, आणि पंधरा दिवसांपूर्वीच पुण्याचा एक कंत्राटदार टेप लावून शेड मोजून गेला होता. दूध ओतून टाकणारी बाई त्या दिवशी गप्प राहिली. एवढ्या वर्षांत त्यांनी आदल्या दिवशीचं काही वापरल्याचं मला तरी आठवत नाही. हे पहिलंच.

आणि दुसरा दिवस चतुर्थीचा होता.

नऊला त्या ताटली घेऊन आल्या. टेबलावर ठेवली आणि गेल्या नाहीत. म्हणाल्या, "सर, बटाटं कालचं हायती. रातभर बाहीर व्हतं, फ्रीजात मावलं न्हाई. आज जरा नीट खावा. भाजी सम्दी खावा." मी हो म्हटलं. माझ्या हातात साहित्याची नोंदवही होती, दोन बाटल्यांच्या चिठ्ठ्या सापडत नव्हत्या, विभागप्रमुख दर पाच मिनिटांनी डोकावत होते. मी ताटली कपाटात ठेवली. दहा वाजता खाऊ म्हटलं. दहा वाजता समितीची गाडी आली.

अकराला मावशी दारात उभ्या. प्रयोगशाळेत तीन परके लोक, माझ्या हातात नोंदवही, आणि दारात मावशी.

"सर, पोट काय म्हनतंय?"

"झकास."

"भाजी खाल्ली न्हवं सम्दी?"

"सगळी," मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली आणि त्या गेल्या. मी खोटं बोलतोय असंसुद्धा मला तेव्हा वाटलं नाही. आपण कितीतरी वेळा फोनवर 'निघालोच' म्हणतो आणि घरातच असतो, त्यातलंच ते एक.

साडेअकराला पंगत बसली. समितीनं चार मिनिटं उभं राहून पाहिली, फोटो काढले आणि प्राचार्यांच्या खोलीत जेवायला गेली. त्यांचं जेवण शहरातून आलं होतं. दीडच्या सुमाराला व्हॉलीबॉलच्या मैदानाकडेला पहिली पोरगी ओकली. मग दुसरी. दोनपर्यंत व्हरांड्यात, जिन्यावर, गेरू लावलेल्या बुंध्यांशी पोरं वाकून बसलेली. जीप, टेम्पो, प्राध्यापकांच्या मोटारी, जे मिळेल त्यातून कुणी नसरापूरला, कुणी भोरला. मावशी एकेका पोराच्या पाठीवर हात ठेवून फिरत होत्या आणि प्रत्येकाला एकच विचारत होत्या, "किती खाल्लंस रं? किती खाल्लंस गं?"

चार वाजता मला कपाटातली ताटली आठवली. भाजी, दोन पुऱ्या, शिरा, सगळं जसंच्या तसं. मी खाल्लं असतं तर अकराच्या आत दाराशी वाकलो असतो आणि अडीचशे ताटं झाकलेलीच राहिली असती. बटाट्यात रात्रभर जे विष झालं होतं ते फोडणीतसुद्धा मरत नाही, हे मी नंतर पुस्तकात वाचलं. पण त्या घडीला पुस्तकाची गरज नव्हती. मी प्रयोगशाळेमागच्या फुटक्या काचांच्या खड्ड्यात ते ताट उलटं केलं, वर माती ओढली. ताटली परीक्षानळ्यांच्या साबणानं दोनदा धुतली, पुसली आणि शेडमध्ये नेऊन ठेवली.

मावशी पायरीवर बसल्या होत्या. त्यांनी ताटली उचलली, बोट फिरवलं, नाकाशी नेली. मग माझ्याकडं पाहिलं. फार वेळ नाही. ताटली इतर ताटल्यांच्या खाली सरकवून ठेवली आणि पदरानं तोंड पुसलं.

सगळी पोरं घरी आली, एक सोडून. वेल्ह्याच्या वरच्या अंगाच्या एका गावची वैष्णवी, पहिल्या वर्षाला होती, तिला पुण्याला न्यावं लागलं. नऊ दिवस अतिदक्षता विभागात होती. वाचली. पण बाप कॉलेजात आला तो दाखला काढायलाच. "जीव हाय तेवढा बास. आता शिकाय नगं," असं म्हणाला. पुढच्या वैशाखात तिचं लग्न लागलं. प्रयोगशाळेत तिचा हात फार हलका होता, तिच्याकडून कधी एक नळी फुटली नाही.

चौकशी प्राचार्यांच्या खोलीत झाली. समोर तिघे, खुर्चीच्या कडेला मावशी, आणि टेबलाच्या टोकाला मी, कारण माझं अक्षर चांगलं आणि जबाब लिहून घ्यायला कुणीतरी हवं होतं. फ्रीजमधल्या नमुन्याच्या वाट्या मावशींनी अन्न खात्याच्या अधिकाऱ्यांना आधीच स्वतः काढून दिल्या होत्या. बटाट्याचा दोष त्यातूनच निघाला. त्यांनी त्याही म्हशींना घातल्या असत्या तर कुणाला काही सिद्ध करता आलं नसतं.

एकानं विचारलं, "तुम्ही म्हणे रोज आधी स्वतः खाता?"

"व्हय."

"त्या दिवशी खाल्लं होतं?"

"व्हय. म्याच खाल्लं."

दुसरे जरा माहितगार होते. "त्या दिवशी संकष्टी होती. तुमचा उपास कडक असतो, असं ऐकलंय."

मावशींनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "मोडला व्हता त्या दिशी."

"आणि काही त्रास झाला नाही?"

"माजं पोट दगडाचं हाय."

मी लिहिलं. 'सदर दिवशी उपवास मोडून मी स्वतः अन्न खाल्ले होते.' माझ्याच अक्षरात, वळणदार. माझा हात थांबला नाही. थांबायला हवा होता, तोंडही उघडायला हवं होतं. समोर कायमपणाची फाईल होती आणि घरी तिसरीतली मुलगी होती, पण ही कारणं आहेत, उत्तर नाही. मावशींनी सही केली, मोठ्या मोठ्या अक्षरांत, आणि उठून गेल्या.

शेडला कुलूप लागलं. जूनमध्ये तिथं पुण्याचा कंत्राटदार आला. तो पनीर देतो. त्याच जूनमध्ये माझी ऑर्डर आली. मावशींच्या गावात मात्र वेगळीच चौकशी झाली. उपास मोडल्याचं कॉलेजातून गावात पोचलं, आणि बायका म्हणायला लागल्या, देवानं दाखवलं म्हणून. सुनेनं नातू घेऊन माहेर गाठलं, सासूच्या हातचं खाणार नाही म्हणाली. वीस वर्षं धरलेला उपास, एका ओळीत गेला, आणि ती ओळ मी लिहिलेली.

दोन वर्षं त्या मला दिसल्या नाहीत. ऑर्डरनंतर माझी हजेरी साडेनऊची झाली होती. मग एके दिवशी नऊच्या सुमाराला कॉलेजला निघालो असताना नसरापूरला, माणशी भाड्याच्या वडाप रिक्षा उभ्या राहतात तिथं, एक हातगाडी दिसली. पोहे, उसळ, कांदाभजी. बटाटा कशातच नाही. सगळ्यावर झाकणं. एक रिक्षावाला सांगत होता, "मावशी न्हाई देत आत्ता, साडेअकराला या." गाडीमागं पालथ्या क्रेटवर मावशी जेवत बसल्या होत्या. माझ्या डब्यात बायकोनं साबुदाण्याची खिचडी दिली होती. म्हणजे त्या दिवशी चतुर्थी होती.

मी गाडी लावून जवळ गेलो. त्यांनी घास गिळला.

"ऑर्डर आली का सर?"

"आली."

"बरं झालं. लेक कितवीत?"

"पाचवीत." मला दुसरं बोलायचं होतं, पण तोंडातून निघालं ते असं, "मावशी, आज चतुर्थी आहे."

"व्हय. आता न्हाई धरत. दुसऱ्याच्या पोटावर आता माजं मन धजत न्हाई."

मी म्हटलं, मला एक प्लेट द्या. त्यांनी घड्याळ दाखवलं. मी बाकड्यावर बसलो. मस्टरची वेळ गेली, पहिलं प्रात्यक्षिक गेलं, फोन तीनदा वाजला. साडेअकराला त्यांनी झाकण उघडलं आणि पहिली प्लेट मला दिली. मी सगळी खाल्ली, रस्सा बोटानं पुसून घेतला. ताटली उष्टीच त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, "मावशी, त्या दिवशी मी…"

"धुतल्याली व्हती," त्या म्हणाल्या. "सात वर्सांत पयल्यांदा. तवाच कळलं मला."

"मग सांगितलं का नाही?"

"तुमी सांगताय का, बगत व्हते." त्यांनी ताटली बादलीत टाकली. "आता ऱ्हाऊ द्या. पन हितं येत नगा जाऊ सर. तुमी दिसला का मला ती पोरगी दिसती, व्हरांड्यात वाकल्याली."

आवाज चढलेला नव्हता. गिऱ्हाईक आलं, त्या वळल्या.

भोरहून आमच्या कॉलेजला जायला जवळचा दुसरा रस्ता नाही. रोज नऊच्या सुमाराला मी त्या रिक्षांपाशी येतो. मावशी रस्त्याकडं पाठ करून क्रेटवर बसलेल्या असतात, समोर ताटली, हातात घास. मी गाडी हळू करत नाही.